मलकपेठेत टाळ्या वाजत नाहीत

हैदराबादला जायचं ठरलं ते बिर्याणीसाठी नव्हे, भीतीपोटी. माझा पहिला कवितासंग्रह मंगळवारी छापायला जायचा होता आणि माझ्याकडे त्याच्या दोन प्रती होत्या. एक मी लिहिलेली, दुसरी आमच्या गावातल्या ज्येष्ठ कवी सरांनी सुधारून दिलेली. प्रस्तावनाही सरच लिहिणार होते. कुठली प्रत छापावी, काही केल्या ठरेना. शाळेतला सहकारी म्हणाला, "मलकपेठेत माझ्या शीलामावशीकडे दर महिन्याला कवितांची बैठक असते. वाचून तर बघ."

शनिवारी सकाळी नांदेडहून एसटी धरली. देगलूरनंतर रस्ता झकास, पण पाट्या तेलुगूत. मी गणिताचा मास्तर, तेवढे किलोमीटरचे आकडे वाचत बसलो. दुपारी गौलीगुड्याजवळच्या बसस्थानकावर उतरलो. इथे रिक्षाचे पैसे आधी ठरवून घ्या. मी घेतले नाहीत आणि मूसी नदीच्या पलीकडे जायला दीडशे मोजले.

शीलामावशी निवृत्त नर्स, कुटुंब मूळचं परभणीकडचं. ताटात ज्वारीची भाकरी आणि हैदराबादी खट्टी दाळ शेजारी शेजारी, आणि ती जोडी फार छान लागते. घरात सगळे मराठी बोलतात, पण मावशींच्या मुलीला, प्रज्ञाला, मराठी धड वाचता येत नाही.

"मग कविता कशी कळते?" मला राहवेना.

"कानाने घेते की," प्रज्ञा म्हणाली. "आवडली ती लाइन परत बोलायला लावायची. दोन बार ऐकली की पाठ. टाळ्या-बिळ्या नक्को, नुसता आवाज होतो."

रविवारी सकाळी बैठकीला पंधराएक माणसं होती. मी सरांची प्रत उघडली आणि चार कविता वाचल्या. सगळ्यांनी मन लावून ऐकल्या, पण एकही ओळ कुणी परत मागितली नाही.

मावशींनी पाणी दिलं. "वडलांवर काही लिहिलंय का, बाळा?"

लिहिलं होतं. पण सरांनी ती कविता इतकी बदलली होती, की ते पान उघडावंसं वाटेना. माझी होती तशी तोंडपाठ म्हटली:

दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या चालू करून
बाप पायी घरी आला.

"परत बोला," प्रज्ञा म्हणाली.

मी हरखलो आणि तिथेच घोळ केला. दुसऱ्यांदा म्हणताना सरांची दुरुस्ती आपसूक तोंडात आली: सांजसावल्यांची शाल पांघरून बाप पायी घरी आला.

"हे शाल-बिल पहिले नव्हतं," ती म्हणाली. "पप्पा मेकॅनिक ना तुमचे? त्यांना शाल कायकू? पहिलेवाली बोला."

सगळे हसले, मीही हसलो. पण वडलांची माफी मागावीशी वाटली, इतकी लाज वाटली. मग पहिलीच ओळ म्हटली. मागे बसलेल्या दोघातिघांनी ती माझ्याबरोबर पुटपुटली. एवढा आनंद मला कवितेने आजवर दिला नव्हता.

कोपऱ्यावरच्या हॉटेलात इराणी चहा घेऊन दुपारची बस पकडली.

सोमवारी संध्याकाळी सरांकडे गेलो. "सर, मी माझीच प्रत छापायला देतोय."

"ती चांगली आहे, याची खात्री आहे तुला?"

"नाही," मी म्हणालो. "पण चुकलं तर माझं चुकू दे."

"मग प्रस्तावनाही तुझी तूच लिही," सर चष्मा पुसत म्हणाले. मंगळवारी संग्रह प्रस्तावनेशिवाय छापायला गेला.