आमचं मांजर आणि आक्कांच्या सुपातली ज्वारी

मुलगी दहावी झाली तेव्हा आम्ही ठरवलं की तिला लातूरला ठेवायचं. भूकंपाला पाच-सहा वर्षं झाली होती, आणि क्लासेससाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून पोरं लातूरला येत होती. यजमान शाळेत मास्तर, त्यांना कंधार सोडता येईना. मग मी, मुलगी आणि आमचं करडं मांजर असे तिघंजण दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात आलो. मांजराला मी झाकणाच्या टोपलीत घालून एसटीनं आणलं. सगळ्या रस्त्यानं ते ओरडत होतं.

घरी आल्यावर ते जे पलंगाखाली पत्र्याच्या पेटीमागं शिरलं, ते बाहेर यायला तयार होईना. दूध तसंच राहायचं. वरच्या मजल्यावर क्लासच्या मुलींची खोली होती. त्यांनी पलंग सरकवला की छत घरघरायचं आणि मांजर भिंतीला अंग चिकटवून थरथरायचं. मी रोज त्याला हात घालून बाहेर ओढायची, मांडीवर दाबून धरायची, "अगं, मीच आहे ना," म्हणायची. एकदा त्यानं माझा हात मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडला.

घरमालकीण शेजारच्याच खोलीत एकट्या राहायच्या; दोन्हींच्या मधे एक दार होतं. सगळे त्यांना आक्का म्हणायचे. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, बोलणं मोजकं. माझा हात बघून त्या म्हणाल्या, "वडू नगा बाई तिला. मी बसू का थोडा येळ?"

मी बसा म्हटलं. त्यांनी कंधारहून आणलेली आमची न धुतलेली गोधडी पेटीशेजारी टाकली, पलंगाकडं पाठ केली आणि सुपात ज्वारी घेऊन निवडत बसल्या. मांजराकडं एकदाही बघितलं नाही, हाकही मारली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा आल्या. चौथ्या दिवशी मी स्वयंपाक करता करता वळून बघितलं, तर मांजर गोधडीवर बसून आक्कांच्या पदराचा वास घेत होतं.

आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. पावसात भिजलेलं हे पिल्लू मी घरात आणलं, कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं, आणि हे परक्या बाईच्या पदराला नाक लावतंय!

पुढच्या आठवड्यात ते आक्कांच्या खोलीत जाऊ लागलं. मुलगीही पुस्तकं घेऊन तिकडंच जायला लागली. "आक्कांच्या खोलीत शांत वाटतं," ती म्हणाली. "तू सारखी विचारतेस, किती झालं, किती राहिलं."

त्या दुपारी मी आक्कांच्या दारात जाऊन मांजर उचललं आणि म्हणाले, "आमचं आहे ते. त्याला तुमची सवय नका लावू."

आक्कांनी मान वर केली. "बरं बाई," एवढंच म्हणाल्या.

मी मधलं दार लावून घेतलं. मांजर पुन्हा पेटीमागं गेलं आणि दोन दिवस काही खाल्लं नाही. मुलगी माझ्याशी बोलेना. तिसऱ्या दिवशी सकाळी मीच आक्कांचं दार वाजवलं. माफी मागायचे शब्द तोंडातून निघेनात, म्हणून म्हणाले, "ते काही खात नाही."

त्या सुपात ज्वारी घेऊन आल्या. तेवढ्यात वर पलंग सरकला. पेटीमागचं मांजर दचकलं, आणि आक्का सूप टाकून थेट अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. मी मागोमाग गेले.

"पोरी पलंग वडायल्यात, कळतंय मला," त्या म्हणाल्या. "पर पाय थांबत न्हाईत. भूकंपात गावाकडचं आमचं घर पडलं तवापासून असंच हाय. दोन वर्सं पत्र्याच्या शेडात झोपले, सलॅपखाली झोपच येईना. लोक हात धरून आत न्यायचे. लई राग यायचा मला."

मी वर जाऊन मुलींना सांगून आले. पलंगाच्या पायांखाली पोत्याचे तुकडे घातले. मधलं दार उघडं ठेवलं. मांजर महिन्याभरात आमच्या आणि आक्कांच्या खोल्यांतून फिरायला लागलं, पण झोपायला जायचं आक्कांकडंच. आक्कांचं दुःख कळूनही माझा मत्सर गेला नाही. उलट त्यात लाजेची भर पडली.

बारावीनंतर मुलीला औरंगाबादला प्रवेश मिळाला आणि मी कंधारला परत निघाले. आक्का म्हणाल्या, "घेऊन जावा. तुमचंच हाय."

मी टोपली काढली. ती बघताच मांजर पेटीमागं पळालं. मी हात घातला नाही. थोडा वेळ तिथंच बसले आणि मग रिकामी टोपली घेऊन स्टँडवर गेले.

पुढं ते मांजर आठ वर्षं आक्कांकडं राहिलं. मुलगी सुट्टीत लातूरला उतरून, आक्कांना आणि मांजराला भेटून मग घरी यायची आणि तिकडच्या गोष्टी रंगवून सांगायची. मी भाजी चिरत ऐकायची. एकदाही मी विचारलं नाही, ते मला ओळखेल का गं.