शेवट सांगून टाकणारे मामा

पुस्तकं विकायला दुकान टाकून, गिऱ्हाईक आलं की कपाळाला आठ्या घालणारा माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात एकच आहे आणि तो माझा धाकटा मामा आहे. मालेगावच्या बसस्टँडसमोर त्यांचं एवढंसं दुकान. दोन माणसं आत शिरली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं. गाईड, वह्या मागणाऱ्याला मामा निमूट देतात. पण कादंबरी मागितली की माणूस आधी डोळ्यांनी जोखतात आणि तो पुस्तकाच्या लायकीचा वाटला नाही, तर सरळ शेवट सांगून टाकतात. एका नव्या जावईबापूंनी रुबाबात जाडजूड कादंबरी उचलली, तर मामा म्हणाले, "कायले नेता? तो शेवटी मरते." जावईबापू पंचांग घेऊन गेले. अशा माणसाला चाळिशी उलटली तरी बायको मिळाली नाही, यात नवल ते काय!

मग केनवडकडून येणाऱ्या सकाळच्या गाडीवर नव्या कंडक्टरबाई आल्या. ड्रायव्हरचा चहा होईतो वाचायला काहीतरी द्या म्हणाल्या. मामांनी त्यांना जोखलं आणि त्याच दिवशी पार्सलातून निघालेली कोरी कादंबरी पुढे केली. वर अट घातली, "इथंच बसून वाचा. गाडीत धूळ लागते पुस्तकाले."

झालं! रोज चहाएवढं वाचन सुरू झालं. बाई स्टुलावर, मामा काउंटरपलीकडे. मामा समोरून उलटी अक्षरं वाचायला शिकले आणि बाईंनी पान लवकर उलटलं की कासावीस व्हायला लागले. गाडीतल्या बाया खिडकीतून विचारायच्या, "काय झालं वो पुढं?" ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला. आम्ही भाचेमंडळी मामांना चिडवायचो, तर ते आम्हालाच दोन-दोन शेवट सांगायचे.

अन् एके दिवशी बाई आल्या त्या स्टुलावर बसल्याच नाहीत. मी तेव्हा दुकानातच होतो.

"माही बदली झाली," त्या म्हणाल्या. "उद्यापासून ही गाडी नाही. तुमी साऱ्यायले शेवट सांगता, मले बी सांगून टाका."

मामांचा चेहरा पार उतरला. "मले माहीत नाही."

"खोटं काहून बोलून राह्यले?"

"खोटं नाही. तुमी वाचलं तेवढंच मी वाचलं. पुढचं एकट्यानं वाचावंसं वाटलं नाही."

बाहेर हॉर्न वाजला. बाई दारापर्यंत गेल्या, तिथून वळून म्हणाल्या, "बुधवारी सुट्टी राह्यते माही. दुकान उघडं ठेवा."

त्या उन्हाळ्यात लग्न झालं. मामींची नोकरी मात्र अजून बदलीच्या गावीच आहे. आठवड्यातून एकदा येतात. मंगळवारी संध्याकाळी मामा घोटून दाढी करतात, इस्त्रीचा सदरा घालतात आणि तासभर आधीच स्टँडवर जाऊन उभे राहतात. एकदा मी सोबत होतो. गाडीला उशीर झाला होता. मी म्हटलं, "मामा, आता बायको झाली ना तुमची? लग्नाआधी बी एवढी वाट पाहत नव्हते तुमी."

मामा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "तवा गाडीच इथं थांबे लेका, म्हनून तुही मामी उतरे. आता ते माह्यासाठी येते."

अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे राहिलो.