बुढ्याले न आवडलेला पिच्चर

आमच्या बुढ्याले, म्हणजे गुलाबरावाले, आजपर्यंत एकही गोष्ट आवडली नाही. लग्नात मांडे वातड होते, बँडवाले बेसूर होते, अन् नवरी, म्हणजे मी सिंधू, काळी होती. संसार झाला, सुना आल्या, तरी तक्रार काही सरली नाही.

गावात मात्र त्याच्या नाक मुरडण्याले मान हाय. पंगत उठली की लोक इचारतेत, "गुलाबभाऊ, कसं झालं?"

"मीठ कमी," बुढा म्हणते. कीर्तनालेही तेच म्हणते.

मार्तंड सर आमच्या डोणगावात मास्तर हायेत. अधूनमधून शाळेच्या हॉलमधी परदेशी पिच्चर दाखवतेत. त्या शनिवारी आफ्रिकेतला होता. तिकडच्या मोठमोठ्या समीक्षकांनी याले डोक्यावर घेतलं, असं सर म्हणले. बुढ्यानं तिथंच खुर्ची मागं सरकवली.

पिच्चरमधी एक म्हातारी. पोरं जमीन इकाले निघालेले. ही रोज धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, जाऊन लोटाभर पाणी मातीत ओते अन् मातीसंगं बोले. गाणं नाही, मारामारी नाही. शेवटी घेणारे आले, तं ती काय म्हणाली ते सरांनी मराठीत सांगतलं, "ही जमीन देता येत नाही. आमची माणसं आहेत इथं."

मंग चर्चा. वहाबभाई टेलर म्हणले, "बकऱ्या मस्त होत्या." सर म्हणले, "या पिच्चरमधी काळ थांबतो." मागून कोणीतरी बोललं, "थांबला कुठी सर, नऊ वाजले!"

सगळे बुढ्याकडं पाहू लागले. बुढा उठला.

"बकवास. मातीसंगं कोणी बोलते काय? अन् ते 'आमची माणसं आहेत', ते तं पुरं खोटं. असं कोणी बोलत नसते."

सर बिचारे वायर गुंडाळू लागले.

मले असा संताप आला, बाप्पा! सोमवारी आमच्या रोडलगतच्या वावराचा सौदा होता. प्लॉट पाडणारा इंद्रभान घेणार होता. त्या वावराच्या धुऱ्यावर, कडूलिंबाखाली, माही पहिली पोरगी हाय. बारसं व्हायच्या आधीच गेली. लहान लेकराले जाळत नाहीत, पुरतेत. खड्डा बुढ्यानंच खणला, अन् तवापासून तिचा शब्द काढला नाही. मी तरी काढून काय करू? त्यातही मीठ कमी निघालं असतं. तो कोपरा जाऊ नये, एवढंच मले वाटे, अन् तेवढंच तोंडातून निघत नव्हतं.

सोमवारी इंद्रभान आला. चहा झाला. बुढ्यानं चहाले नावं ठेवली. मंग नकाशा पसरला, बुढ्यानं पेन घेतला.

"हा लिंब तोडा लागते," इंद्रभान म्हणला. "इथून रस्ता जाते."

बुढ्यानं पेन खाली ठेवला. "मंग नाही जमत."

"काऊन?"

बुढा नकाशावर बोट ठेवून बसला. उचलेच ना.

"आमची माणसं हायेत तिथं."

"कोण माणसं?" इंद्रभान हसला.

"पोरगी हाय माही."

इंद्रभाननं नकाशा गुंडाळला अन् गेला. मी आत दाराआड तोंडात पदर कोंबून रडली. रडणं सरल्यावर बाहेर आली.

"काहो, असं कोणी बोलत नसते ना?"

"नसते," बुढा म्हणला. "लोटा भर. वावरात जाऊन येऊ."