नऊ नंबरच्या मागचं स्टूल

त्यांच्याकडे पहिल्यांदा लक्ष जातं ते ते काहीच करत नसतात म्हणून. गोल्फच्या सराव मैदानावर जो तो काही ना काही हाणत असतो. पत्र्याची लांबलचक शेड, तिचे चौदा खण, प्रत्येक खणात हिरवी रबरी चटई, बाजूला चेंडूंची बादली आणि चटईवर काठी घेऊन उभा असलेला एक घामाघूम माणूस. समोर मोकळं रान, त्यात पन्नास, शंभर आणि दीडशे पावलांवर झेंडे, दोन्ही बाजूंना उंच जाळी. अशा ठिकाणी नऊ नंबरच्या खणामागे एका लाकडी स्टुलावर, हात मांडीवर ठेवून, एकच माणूस स्वस्थ बसलेला. राखाडी टोपी, कडक इस्त्रीचा शर्ट आणि उजवा खांदा डाव्याहून दोन बोटं खाली. नवख्याला वाटतं, कुणाचा तरी ड्रायव्हर असावा, मालकाची वाट बघत बसलाय. मग नवखा जीव खाऊन काठी फिरवतो, चेंडू आहे तिथंच राहतो आणि मागून आवाज येतो, "सावकाश."

त्या एका शब्दावरून त्यांचं नाव पडलं, सावकाश मास्तर. खरं नाव टोकन देणाऱ्या मावशींच्या वहीत कुठंतरी असेल.

शिकवायला त्यांच्याकडे फार काही नव्हतं आणि ते लपवतही नसत. चार-पाच गोष्टी होत्या, त्याच ते सगळ्यांना सांगत. उभं राहायचं ते बसस्टॉपवर उभं राहतो तसं, गुडघे जरा सैल. काठी धरायची ती ओळखीच्या घराच्या दाराची कडी धरतो तशी. "कडी कुणी आवळतं का, साहेब? दार उघडायचंय, उपटायचं नाहीये." काठी मागं न्यायची ती झोपलेलं मूल एका गादीवरून दुसऱ्या गादीवर ठेवतो तशी. चेंडू गेला तरी मान लगेच वर करायची नाही. आणि शेवटी पोट झेंड्याकडं करून, फोटो काढून घेत असल्यासारखं, तीन आकडे मोजेपर्यंत उभं राहायचं. तोल जाऊन पडलात तर समजा घाई झाली.

"एवढंच?" एका ठेकेदारानं त्यांना विचारलं होतं. गडी आडवा, आवाज मोठा. "यूट्यूबवर तर तासतासभर सांगतात."

"त्यांच्याकडं तास आहे," मास्तर म्हणाले. "तुमच्याकडं बादलीत चाळीस चेंडू आहेत. मारा."

मास्तर नेहमी माणसाच्या मागं असत. त्यामुळे त्यांची ओळख होती ती पाठींशी. बाजारात कुणी वरच्या फळीवरचा डबा काढायला हात वर केला की ते मनात म्हणत, हे चार नंबरवाले दातांचे डॉक्टर. तोंडासमोर येऊन कुणी नमस्कार केला तर मात्र गडबडत. "कोण बरं आपण?" असं म्हटलं की समोरचा दुखावायचा. त्यापेक्षा मास्तरांनी बाजारात मान खाली घालून चालायची सवय लावून घेतली.

राहायचे ते लाँड्रीच्या वरच्या एका खोलीत. दोन खुर्च्या होत्या, एक बसायला, एक शर्ट वाळत घालायला. खालच्या इस्त्रीची ऊब फरशीतून वर यायची, थंडीत ती बरी वाटायची. लग्नाचं राहून गेलं होतं. दर रविवारी परगावाहून ताईचा फोन यायचा.

"जेवलास?"

"जेवलो."

"काय जेवलास?"

"जे केलं ते."

"म्हणजे काही केलं नाहीस," ताई म्हणायची आणि इकडचं-तिकडचं चार मिनिटं बोलून ठेवून द्यायची. आठवड्यातलं घरातलं बोलणं ते तेवढंच.

पूर्वी असं नव्हतं. बावीस वर्षं ते मोठ्या मैदानावर कॅडी होते, म्हणजे खेळणाऱ्या साहेबांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन त्यांच्या मागं चालणारे. उजवा खांदा खाली आला तो तेव्हाच. कॅडींची एक खोली होती. साहेब लोक जेवायला गेले की तिथं एक खेळ रंगायचा. कुणीतरी छत्री उचलायचा आणि आपल्या साहेबाचा स्विंग, काठी फिरवायची ढब, करून दाखवायचा, बाकीच्यांनी ओळखायचं. मास्तरांचा त्यात हात धरणारा कुणी नव्हता. एकदा पाहिलेला स्विंग त्यांच्या अंगात जसाच्या तसा उतरायचा. कोण मारण्याआधी नाक ओढतं, कोण ढुंगण मागं टाकतं, कोण मारून झाल्यावर आपल्याच काठीकडं रागानं बघतं, सगळं. हसून हसून माणसं बाकावरून खाली यायची.

एके दिवशी माणसं हसता हसता एकदम गप्प झाली. मास्तर छत्री वर धरून वळले तर दारात त्यांचेच साहेब उभे. नऊ वर्षं ज्यांची पिशवी वाहिली ते. साहेब रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "मी असा दिसतो होय?" आणि गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दुसरा कॅडी घेतला. महिन्याभरात मास्तरांना कुणीच घेईना. आपल्या पाठीमागं हा काय करत असेल, असं प्रत्येकाला वाटू लागलं असणार. त्यानंतर मास्तरांनी कुणाचीही नक्कल केली नाही. सराव मैदानावर स्टूल मिळालं, ते सांभाळत बसले.

चष्म्याच्या दुकानवाल्या बाई पहिल्यांदा आल्या त्या एका मंगळवारी, चार वाजता. मुलानं शिकवणीची नोंदणी करून दिली होती, आईचं मन रमेल म्हणून. यजमान जाऊन आठ महिने झाले होते. त्यांच्याच काठ्या घेऊन आल्या होत्या. काठ्या त्यांना चार बोटं लांब होत्या.

"आधी खेळला आहात?" मास्तरांनी विचारलं.

"ह्यांनी शिकवलं होतं थोडंफार. घरामागं, सुटीच्या दिवशी. ह्यांनाही काही फार येत नव्हतं."

आणि बाईंनी काठी फिरवली. मास्तरांनी इतक्या वर्षांत असं काही पाहिलं नव्हतं. डावी टाच वर, उजवं कोपर पंखासारखं बाहेर. काठी वर गेली की तिथंच एक क्षण थांबायची, बाई हळूच "हं, चला" म्हणायच्या आणि मग हाणायच्या. हाणून झालं की एक पाऊल पुढं धडपडायच्या. चेंडू उजवीकडं वळून थेट जाळीत. शेजारच्या खणातून ठेकेदारानं खोकल्यासारखं केलं. तो खोकला नव्हता.

"सावकाश," मास्तर म्हणाले.

मंगळवार आणि शुक्रवार, असं ते सुरू झालं. पहिल्या आठवड्यात टाच जमिनीला आणली. मग कोपर आत. मग मधलं थांबणं काढलं, त्याबरोबर "हं, चला"ही आपोआप गेलं. बाई एकेक गोष्ट सांगितल्यासारखी करायच्या. दुकानात लोकांच्या नाकावर चष्मा नीट बसवण्यात जन्म गेलेला, हात स्थिर होता. बादली संपली की त्या पिशवीतून थर्मास काढायच्या. स्वतः कपातून प्यायच्या आणि मास्तरांना थर्मासच्या झाकणात चहा द्यायच्या.

"साखर कमी आहे हं."

"असू द्या."

"ह्यांना चालायची नाही कमी. तुम्ही काही बोलतच नाही."

झाकण रिकामं झालं तरी मास्तर ते हातात धरून बसायचे. मंगळवारी आणि शुक्रवारी ते शर्टाला दोनदा इस्त्री करून घेऊ लागले. टोकनवाल्या मावशींच्या नजरेतून ते सुटलं नाही. "आज काय मास्तर, मुलगी बघायला निघालात?" असं त्या सगळ्यांसमोर विचारायच्या. मास्तर टोपी पुढं ओढायचे.

दुसरा महिना लागला तेव्हा एका शुक्रवारी बाईंचा चेंडू सरळ गेला. सरळ म्हणजे सुतात. शंभराच्या झेंड्याजवळ पडला. त्यामागून दुसरा, तिसरा. ठेकेदारानं आपली काठी काखेत धरून टाळ्या वाजवल्या. बाई पोट झेंड्याकडं करून तीन आकडे उभ्या राहिल्या, अगदी सांगितल्यासारख्या. मग चटईवरून उतरल्या, ग्लोव्ह काढला, घडी घातली. बादलीत अजून वीस-बावीस चेंडू होते.

"जमलं की," मास्तर म्हणाले.

"हो," बाई म्हणाल्या. "जमलं." त्या दिवशी थर्मास निघाला नाही.

मंगळवारी त्या आल्या नाहीत. शुक्रवारीही नाहीत. मास्तरांनी नऊ नंबर कुणाला दिला नाही, चार ते पाच नुसते रिकाम्या चटईकडं बघत बसले. पुढच्या मंगळवारीही तेच. रविवारी ताईनं विचारलं, "बरं नाही का?" तर म्हणाले, "खांदा दुखतोय." खांदा रोजच दुखत होता.

त्यानंतरच्या मंगळवारी बाई आल्या, बादली न घेता, नुसती एक काठी घेऊन. बाकावर बसल्या.

"मास्तर, रागावू नका. एक विचारते."

"विचारा ना."

"मी आधी कशी मारत होते, ते आठवतं तुम्हाला?"

मास्तरांनी टोपी पुढं ओढली.

"त्या दिवशी चेंडू सरळ गेला आणि मला कसंतरीच झालं. का ते कळेना. घरी जाऊन आरशासमोर उभी राहिले. ते उभे राहायचे तशी उभी राहून बघितलं. येईना. टाच वर केली तर कोपर आत राहतं, कोपर काढलं तर टाच विसरते." त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "ते माझं नव्हतंच हो. ते त्यांचं होतं. जसंच्या तसं मी उचललं होतं, मला माहीतसुद्धा नव्हतं. फोटो आहेत चिक्कार, पण फोटो हलत नाही. त्यांचं हलणं तेवढं माझ्याकडं होतं, आणि ते मी इथं येऊन, शिकवणी लावून घालवलं."

मास्तरांनी नेकीनं शिकवलं होतं, आणि एकेक करून त्या गेलेल्या माणसाला काढून टाकलं होतं. टाच कोणत्या दिवशी गेली, कोपर कोणत्या दिवशी, तेही त्यांना आठवत होतं.

"परत देता येईल का?" बाईंनी विचारलं.

त्यांच्या अंगात ते सगळं होतं, पहिल्या दिवशीच उतरलेलं. त्या क्षणी उठून दाखवता आलं असतं. पण दारात उभे असलेले साहेब आठवले. आणि आणखी एक विचार आला, त्याची त्यांना नंतर लाज वाटली. एकदम न देता थोडं थोडं द्यावं. आधी टाच, मग कोपर. दोन महिने सहज जातील. एकदा सगळं मिळालं की बाईंना इथं यायचं कारण काय?

"शुक्रवारी या," ते म्हणाले.

खोलीवर जाऊन त्यांनी शर्टाची खुर्ची बाजूला सरकवली आणि छत्री हातात घेतली. कोपर बाहेर काढायला खांदा तयार नव्हता. कळ थेट मानेत जायची. गुरुवारी लाँड्रीवाल्यानं खालून हाक मारली, "मास्तर, वर काय नाचताय काय?"

"हो," मास्तर म्हणाले, आणि पुन्हा छत्री उचलली.

शुक्रवारी चार वाजता बाई आल्या. मास्तरांनी त्यांच्याकडून काठी घेतली आणि म्हणाले, "बाई, तुम्ही तिथं बसा. स्टुलावर." त्या स्टुलावर आजवर दुसरं कुणी बसलं नव्हतं. मास्तर चटईवर गेले. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या पाठीमागं बसून बघत होतं. बाजूच्या दोन-तीन काठ्या थांबल्या. मास्तरांना हसणं ऐकू येईल असं वाटलं, पण आता माघार नव्हती.

त्यांनी डावी टाच उचलली. कोपर बाहेर काढलं, डोळ्यांत पाणी आलं. काठी वर नेऊन थांबले. "हं, चला," म्हणाले आणि हाणलं, आणि एक पाऊल पुढं धडपडले. चेंडू उजवीकडं वळून जाळीत गेला.

मागं वळायचा धीर होईना.

"कोपर," बाईंचा आवाज आला. "कोपर अजून थोडं वर जायचं त्यांचं."

मास्तरांनी पुन्हा केलं. पुन्हा केलं. सहाव्यांदा बाई उठल्या, त्यांनी काठी घेतली आणि स्वतः उभ्या राहिल्या. पहिल्या चार वेळा जमलं नाही. पाचव्यांदा काठी वर थांबली, "हं, चला" झालं, बाई पुढं धडपडल्या आणि चेंडू जाऊन जाळीत अडकला.

"गेला बघा," बाई म्हणाल्या, आणि हसल्या. इतक्या दिवसांत मास्तरांनी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, ते कायम मागंच असायचे. ठेकेदार खोकलासुद्धा नाही. बाईंनी आख्खी बादली जाळीत घातली. मग थर्मास काढला, झाकणात चहा ओतला.

"आता पुरे," त्या म्हणाल्या. "आता हे बिघडायला नको. घरामागंच करीन रोज. तुमच्यासमोर आले तर तुम्ही सावकाश म्हणाल, आणि मी ऐकेन."

"खरं आहे," मास्तर म्हणाले. चहा त्यांनी जरा रेंगाळत प्यायला.

या गोष्टीला दोन वर्षं होऊन गेली. बाई पुन्हा मैदानावर आल्या नाहीत. मास्तरांचा उजवा हात आता कानाच्या वर जात नाही. टोकनवाल्या मावशी मंगळवारी आणि शुक्रवारी चार वाजता नऊ नंबरचं टोकन कुणाला देत नाहीत, तसं त्यांना कुणी सांगितलेलं नाही. मास्तर हल्ली घरून थर्मास आणतात. त्यात दोन कप चहा मावतो, आणि दोन्ही तेच पितात.