शेगडी तेवढी चकचकीत होती

शेगडीवरचं तेल आणि शेगडीचे किस्से, दोन्ही सारखेच साचतात. रोज थोडं थोडं, कितीही पुसा, आणि एक दिवस बघावं तर हा थर! आमचं पोळीभाजी केंद्र बंद पडलं, भांडी विकली, किस्से मात्र कोणी विकत घेत नाही. म्हणून तुम्हाला फुकट ऐकवते.

केंद्र उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये. खोली लाजवंती आंटींची, त्यांच्या घराला लागूनच, त्यामुळे कायदाही आंटींचा. भाज्या मी करायचे, पोळ्या शोभाताई. त्या बदलापूरच्या हेंद्रेपाड्याहून यायच्या. मिस्टरांची कंपनी बंद पडलेली, सगळं घर या पोळ्यांवर. गिऱ्हाईक रोडावत चाललं होतं, तेवढ्यात अंबरनाथच्या एका कंपनीने कँटीनच्या डब्यांसाठी विचारलं. ही ऑर्डर मिळाली तर तरलो, नाहीतर शटर खाली.

कंपनीचे साहेब नुकतेच विदर्भातून बदली होऊन आलेले. फोनवर म्हणाले, "मॅडम, मी न सांगता येईन. आधी शेगडी बघेन. शेगडीवरून मला अख्खं किचन कळतं!"

आणि आमची शेगडी? तिचा मूळ रंग कोणता, यावरसुद्धा आमच्यात दोन मतं होती.

*

पहिला उपाय, खाण्याचा सोडा. काम आटपलं की शेगडीवर सोडा शिंपडायचा, लिंबाच्या सालीने घासायचं, ओल्या फडक्याने पुसायचं. सोपं! मी सोड्याची बरणी भरून ओट्यावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी कोथिंबीर आणायला बाहेर गेले आणि शोभाताईंनी मीठ समजून तोच सोडा आमटीत घातला. परत येते तर आमटी फसफसून उतू गेलेली, दोन्ही बर्नर गारद, पिवळा फेस ओट्यावरून खाली जमिनीवर.

"अहो शोभाताई, काय केलंत हे!"

"मी काय केलं? तुम्हीच बोललात ना, सोडा शेगडीवर टाकायचा. गेला शेगडीवर! फक्त आमटीतून गेला."

*

मग कोणीतरी सांगितलं, बर्नरभोवती फॉइल अंथरा. डाग फॉइलवर पडतात, आठवड्याने फॉइल बदलायचा, खाली शेगडी नवी. मी मापाने कापून छान बसवला. चांदीची शेगडी वाटत होती! मला तर भरूनच आलं.

आंटींनाही तो फारच आवडला. इतका आवडला, की दाल-पकवान तळायला आल्या तेव्हा त्यांनी फॉइलवर वर्तमानपत्र अंथरलं. व्हायचं तेच झालं, पेपरचा कोपरा पेटला. शोभाताईंनी पिठाचा हात झटकत गॅस बंद केला आणि ओल्या फडक्याने आग विझवली. काळी राख फॉइलवर, ओट्यावर, माझ्या पालकावर.

"आंटी, पेपर कशाला टाकला?"

"अरे बेटा, इतना महंगा फॉइल! ख़राब हो जाता ना!"

*

बर्नरचा किस्सा तर सांगायचीसुद्धा लाज वाटते. बर्नर रात्रभर गरम पाण्यात, लिंबू आणि इनो घालून भिजवले. सकाळी पितळ असं लखलखत होतं! पण भोकांत पाणी राहिलेलं. गॅस पेटेना, नुसताच फुरफुर. डबे निघायची वेळ झालेली.

मी लायटर खटखटवत बसले आणि शोभाताई बर्नर पदरात घेऊन गायब. दहा मिनिटांनी आल्या, बर्नर कोरडे ठणठणीत.

"कुठे वाळवलेत?"

"समोरच्या इस्त्रीवाल्याकडे. कोळशाच्या इस्त्रीवर ठेवले. आधी नाही बोलत होता. मी म्हटलं, दोन नग आहेत, अर्जंट आहे!"

*

त्या दिवशी डबे उशिरा गेले आणि तीन गिऱ्हाइकं कायमची तुटली. मी ओट्याला टेकून अक्षरशः रडले. म्हटलं, "शोभाताई, आपल्याच्याने नाही होणार. ही शेगडीच आपल्याला खाणार."

शोभाताई पोळी उलटत होत्या. म्हणाल्या, "ताई, तुम्ही थकलात तर घरी बसाल. मी थकून कुठे बसू?"

मी तारेची घासणी घेतली आणि परत घासायला लागले.

*

मग आली थदडी. सिंधी घरांतला हा सण आम्हाला दरवर्षीचा पाठ. आदल्या दिवशी सगळं रांधून ठेवायचं, चूल घासूनपुसून थंड करायची, पूजा करून वर पाणी शिंपडायचं. सणाच्या दिवशी गॅस पेटवायचा नाही, सगळ्यांनी थंडच जेवायचं. खोली आंटींची, म्हणून केंद्रालाही सुट्टी.

आदल्या दिवशी आंटींनी शेगडीला कोणाला हातच लावू दिला नाही. स्वतः जुन्या टूथब्रशने एकेक भोक, एकेक नॉब घासला. आम्ही महिनोन्‌महिने झगडलो, ते त्यांनी एका दुपारी केलं. भक्तीने!

सणाला आंटींनी आम्हा दोघींना जेवायला बोलावलं. केंद्रातच पानं मांडली आणि दारात साहेब उभे!

त्यांनी शेगडीवर बोट फिरवलं, बोट उजेडात धरून बघितलं. बर्नर उचलून खाली वाकून बघितलं. "मॅडम," ते म्हणाले, "वीस वर्षांत अशी शेगडी मी पाहिली नाही!"

शोभाताईंनी माझा हात इतका घट्ट धरला, की बांगडी रुतली.

साहेब खुशीत येऊन पाटावर बसले. आंटींनी प्रेमाने ताट वाढलं, लोला म्हणजे जाड गोड पोळी, दहीवडे, कारल्याची भाजी. पहिला घास तोंडात गेला आणि साहेब जरा थबकले. "थंड आहे. आज सकाळचंच आहे ना?"

मी तोंड उघडेपर्यंत आंटींनी दोन्ही कानांना हात लावले आणि अभिमानाने म्हणाल्या, "आज का? ना साईं, ना! सब कल का है! आज ताज़ा बना के तो दिखाए कोई मेरे किचन में!"