बदलीवर आलेली निलगिरी

बाबांची रेल्वेतली बदली जयपूरला झाली, तेव्हा आई महिनाभर फुरंगटून बसली होती. भुसावळच्या उकाड्याला उभा जन्म शिव्या देणारी बाई आता त्याच उकाड्यासाठी झुरत होती. क्वार्टरच्या मागच्या दाराशी निलगिरीचं एक उंच झाड होतं. तिकडे त्याला सफेदा म्हणतात. पहिल्या थंडीत आईच्या छातीत कफ झाला, तेव्हा तिनं त्याची पानं उकळून वाफारा घेतला आणि त्या दिवसापासून ते झाड तिचं झालं.

बाबांनी एकदा सांगितलं, की या झाडाचं मूळ घर ऑस्ट्रेलियात. तिथं ते नदीच्या काठानं वाढतं, आणि नदी आटून नुसती वाळू उरली तरी खालचं पाणी शोधत तग धरतं.

"म्हणजे तेही बदलीवरच आलंय," आई म्हणाली. "बिचाऱ्याला विचारलं होतं का कुणी?"

हे पाणी पिणंच त्याला भोवलं. उन्हाळ्यात कॉलनीतला पंप कोरडा पडायचा आणि शेजारच्या आंटीजी सगळा दोष झाडाला द्यायच्या. त्यांनी तक्रार केली आणि झाड तोडायचं ठरलं. आईला जेवण जाईना.

त्यातच वटपौर्णिमा आली. जवळपास वड नव्हता, आणि पूजेसाठी फांदी तोडून आणणं आईला कधीच पटलं नाही. तिनं सरळ निलगिरीला पांढरा दोरा गुंडाळला. आंटीजी कुंपणावरून हसल्या. त्यांची वडाची पूजा पंधरा दिवस आधीच, अमावास्येला झाली होती, तीही मौलीचा, म्हणजे पूजेचा लाल धागा बांधून.

"भाभीजी, ये बड़ थोड़े ही है!"

"तो हम भी कहाँ यहाँ के हैं?" आई म्हणाली.

बाबा पुटपुटले, "म्हणजे सात जन्म निलगिरीच्या तेलाचा वास मारत फिरायचं तर मी!"

त्याच आठवड्यात कुऱ्हाडवाले आले. दोरा बघून त्यांच्या म्होरक्यानं कुऱ्हाड खाली ठेवली. "पूजा का पेड़ हम नहीं काटते." आईनं सगळ्यांना चहा दिला. आंटीजींच्या कपात साखर जरा जास्तच होती.

निलगिरी दरवर्षी साल टाकते आणि तिच्याबरोबर दोराही गळतो. म्हणून आई दरवर्षी नवा बांधायची. मग बाबांची पुन्हा बदली झाली. ट्रकमध्ये सामान चढत होतं आणि आई बुंध्याला हात लावून उभी होती.

"आता दोरा कोण बांधणार गं? पहिल्याच उन्हाळ्यात तोडतील," ती मला म्हणाली.

आंटीजी शेजारीच होत्या. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण त्याही झाडाकडेच बघत होत्या.

काही वर्षांनी नोकरीसाठी मीच जयपूरला, जगतपुऱ्यात राहायला आले. ऐन उन्हाळा होता. पहिल्याच रविवारी जुन्या कॉलनीत गेले आणि तिथूनच आईला फोन लावला.

"आहे का गं?"

"आहे."

"आणि दोरा?"

"आहे."

आईनं हळूच विचारलं, "पांढरा की लाल?"

"लाल."

तिला रडू फुटलं. मलाही.