मागच्या सीटवरचे तीन हिवाळे

९ जानेवारी. जुन्या चादरीचे दोन तुकडे कापलेत आणि मोटारसायकलच्या हँडलला कव्हरं शिवते आहे. आतून रेक्झिन, बाहेरून चादर. वारा अडला की निम्मी थंडी जाते. तासाभराचं काम आहे. तीन हिवाळ्यांत ते मला सुचलं नाही — का सुचलं नाही, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरी ह्यांनाही नाही. तुम्हाला सांगते.

सोलापूरला कसली आलीय थंडी, असं बाहेरगावचे लोक म्हणतात. म्हणू देत. पहाटे साडेपाचला वैराग रस्त्यावर गाडी चालवून बघावी. मी एका दूध संकलन केंद्रावर नमुने तपासते. लक्ष्मीही तेच करते. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, पलीकडच्याच गल्लीत राहते, घरी टॉवेलचे माग आहेत. केंद्र शहरापासून पंचवीस किलोमीटरवर. एवढ्या पहाटे तिकडे एसटी नाही. म्हणून ह्यांची जुनी मोटारसायकल, आणि तिच्यावर आम्ही दोघी.

थंडीचे उपाय मला पाठ आहेत. स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्र, चांगलं जाड दुमडून. स्वेटरवर रेनकोट. भांडी घासायचे रबरी हातमोजे, त्यावर लोकरीचे. कानाला स्कार्फ, मग हेल्मेट. पण सगळ्यात चांगला उपाय वेगळाच आहे — पुढं कुणालातरी बसवायचं आणि आपण त्याच्या पाठीआड बसायचं.

पूर्वी आम्ही आठवडा वाटून घेतला होता. तीन दिवस ती पुढं, तीन दिवस मी. गाडी तिला मीच शिकवली. मग एका हिवाळ्यात माझा उजवा खांदा आखडला. ते खरं होतं. वेणी घालता येत नव्हती, ॲक्सिलरेटर पिळताना डोळ्यांत पाणी यायचं. लक्ष्मी म्हणाली, "ताई, तुमी उगं हात लावू नका गाडीला. मी हाय की." आणि ती रोज पुढं बसायला लागली.

शिवाय रोज सकाळी ती माझ्यासाठी पुरचुंडी आणायची. जाडं मीठ तव्यावर भाजून टॉवेलच्या तुकड्यात बांधलेलं. "धरा खांद्याला. गार व्हायच्या आत." मी ती खांद्याला धरायचे, मग हळूच मांडीवर घ्यायचे, शालीच्या आत, दोन्ही हातांत. ती केंद्र येईपर्यंत कोमट राहते. हे मला कसं माहीत, ते आता कळलं असेल तुम्हाला.

त्या पाडव्याला मी गुढी उभारली. हात वर नेला आणि तो सरळ वर गेला. दुखलं नाही.

हे तिला सांगायला काय हरकत होती? काहीच नव्हती. उन्हाळा होता, चार दिवसांनी सांगू म्हटलं. उन्हाळ्यात खरं तर मागं बसण्यात तोटाच, वारा पुढच्यालाच लागतो. पण मग पावसाळा आला, मग थंडी, आणि थंडीत मी गप्प बसले. ती वारा खायची, मी मिठावर हात शेकायचे. केंद्रावरचा वॉचमन एकदा म्हणाला, "मॅडम, डायवर झकास ठिवलाय की." लक्ष्मी म्हणाली, "डायवर न्हाय ओ, इंजिन हाय मी. ताई डबा." सगळे हसले. मीही हसले.

नुसतं गप्प बसण्यापुरतं असतं तर — नाही, तसं म्हणत नाही. पण नुसतं गप्प बसण्यापुरतं नव्हतं. मागच्या डिसेंबरात एका रविवारी मी गच्चीवर धुतलेली चादर वाळत घालत होते. ओली चादर किती जड असते, ते इथल्या बायकांना सांगायला नको. दोन्ही हातांनी डोक्यावरून दोरीवर टाकली आणि वळले, तर जिन्यात लक्ष्मी. मी उजवा खांदा धरला आणि "आई गं" म्हणत खाली बसले. विचार करायलासुद्धा वेळ लागला नाही. ती धावत आली. खांदा चोळला. उरलेल्या तिन्ही चादरी तिनं वाळत घातल्या, आणि जाताना मलाच रागावली.

आज दुपारी केंद्रावर तिच्या हातून नमुन्याची बाटली पडली. बोटं बघितली — टोकं पांढरीफटक. म्हणाली, दोन महिने होतंय. आधी पांढरी होतात, मग निळी, मग आग होते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात आणि गार वाऱ्यात गाडी चालवणं बंद करायला सांगितलंय, नाहीतर जखमा होतील म्हणाले. साहेबांनी तिला दुपारची पाळी देऊ केली होती. तिनं नको म्हणून सांगितलं.

"का गं?" मी विचारलं.

"तुमी कशा येणार ओ ताई? तुमचा खांदा असला. चालतंय की एवढा हिवाळा."

म्हणून ही कव्हरं. मला ठाऊक आहे मी काय करते आहे. कव्हरं लावली की तिचे हात थोडे झाकतील आणि माझी जागा तशीच राहील. दुसराही रस्ता आहे — उद्या खांदा फिरवून दाखवायचा, "आज एकदम मोकळा वाटतोय बघ" म्हणायचं. ती खूश होईल. स्वतःच्या मिठाला यश आलं असं तिला वाटेल. कुणाला काही कळणार नाही. हा रस्ता इतका सोपा आहे, की संध्याकाळपासून मी दोनदा तो ठरवून टाकला. शेवटचा टाका घालते.

१० जानेवारी. कव्हरं लावली. मीठ भाजलं, पुरचुंडी बांधली. सव्वापाचला लक्ष्मी आली, तिच्या हातात तिची पुरचुंडी होतीच. मी किल्ली तिला दिली नाही. म्हटलं, "लक्ष्मी, माझा खांदा बरा आहे. आज नाही झाला. येत्या पाडव्याला तीन वर्षं होतील. गच्चीवर कळ आली होती, तेही खोटं."

तिनं माझ्या खांद्याकडे बघितलं. मग म्हणाली, "व्हय?" एवढंच.

मी पुढं बसले. ती मागं बसली. मी दिलेली पुरचुंडी तिनं घेतली, आपली पिशवीत टाकली. मागं बसणारी बाई पुढच्या बाईचा खांदा धरते. तिनं धरला नाही.  कव्हरातून मनगटाशी वारा शिरत होता. शिवताना तिथं नाडी घालायला हवी होती.

केंद्रावर उतरल्या उतरल्या ती साहेबांच्या केबिनकडे गेली. मी आत जाऊन बाटल्या मांडायला घेतल्या. बोटं वळत नव्हती. पहिली झाकणं दातांनी उघडली.